घाटावरून खाडीवर नजर: उपग्रहचित्रांतून कांदळवनातले बदल कसे ओळखायचे

कोल्हापूरला समुद्र नाही, पण कांदळवनाचा अभ्यास इथे परका नाही. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या या झाडांवर अनेक दशकं काम झालं आहे, आणि डॉ. लीला भोसले यांचं नाव या विषयात आजही आदराने घेतलं जातं. गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाट उतरला की वैभववाडी, तळेरे आणि पुढे देवगड नाहीतर विजयदुर्ग. राधानगरीवरून फोंडा घाटाने गेलं की कणकवली आणि मालवण. पहाटे निघालेला माणूस दुपारच्या जेवणाआधी खाडीच्या काठावर उभा असतो. पण हे वरचेवर जमत नाही. आणि गेलं तरी होडीतून दिसते ती झाडांची पहिली रांग. त्यामागे काय तुटलं, कुठे भराव पडला, कुठे गाळावर नवी रोपं धरली, हे वरूनच दिसतं.

गेली काही वर्षं मी इथल्या विद्यार्थ्यांना घेऊन मालवण तालुक्यातल्या कालावल खाडीवर हे काम करतो. गड नदी समुद्राला मिळते ती ही खाडी. मसुऱ्याच्या बाजूला खाडीत छोटी बेटं आहेत, तिथले लोक त्यांना जुवा म्हणतात. बेटावर माड, काठाला कांदळवन आणि मधून भरती-ओहोटीचं पाणी. एवढ्याशा जागेत या कामातली जवळपास प्रत्येक अडचण भेटते, म्हणून लेखातली उदाहरणं तिथलीच आहेत. लॅपटॉप, बऱ्यापैकी इंटरनेट आणि क्यूजीआयएस हे नकाशे करायचं मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर सुरुवात होते. गूगल अर्थ इंजिनवर खातं काढलं, तर चित्रं उतरवून घेण्याचाही त्रास वाचतो. शिक्षण आणि संशोधनासाठी ते फुकट आहे.

आमचा पहिला नकाशा मात्र चुकला होता. दोन वर्षांच्या अंतराची दोन स्वच्छ चित्रं घेतली, हिरवाईचा निर्देशांक काढला, वजाबाकी केली, आणि जुव्यांच्या काठाने सगळीकडे तोड झाल्यासारखा लाल पट्टा उमटला. मुलं हादरली. आम्ही नकाशा घेऊन खाडीवर गेलो. होडीवाल्या काकांनी कागद बघितला, चित्राची तारीख विचारली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "झाडां खंय जातली? त्या दिवशी उधाण होता. पाणी चढला काय ही बारकी झाडां बुडतत." एक चित्र पौर्णिमेच्या आसपासचं होतं, दुसरं अष्टमीचं. आम्ही झाडं मोजलीच नव्हती, पाणी मोजलं होतं. तेव्हापासून कोणताही बदल मान्य करण्याआधी त्यातून भरती-ओहोटी वजा करायची, हा आमचा नेम आहे. खाली जे सांगतोय ते बरंचसं त्याच नेमाभोवती फिरतं.

प्रश्न आणि हद्द

"कांदळवन कमी झालं का?" हा प्रश्न नकाशासाठी फार मोघम आहे. कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कुठल्या हद्दीत आणि किती लहान बदल धरायचा, हे आधी वहीत लिहा. किती लहान, याचं उत्तर कायद्यातच सापडतं. किनारपट्टी नियमन अधिसूचनेनुसार १००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, १० मीटर बाय १० मीटरचा असतो. १००० चौरस मीटर म्हणजे असे दहा ठिपके. लँडसॅटचा ठिपका ३० बाय ३० मीटरचा, म्हणजे ९०० चौरस मीटरचा. कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचं असलेलं कांदळवन लँडसॅटमध्ये जेमतेम एका ठिपक्यात संपतं. कोणता उपग्रह वापरायचा, हे यातूनच ठरत जातं.

हद्द आखताना खाडीच्या काठापासून जमिनीकडे थोडं जास्तच आत जा. ग्लोबल मॅन्ग्रोव्ह वॉच हा जागतिक नकाशा सुरुवातीचा आराखडा म्हणून चालतो. पण त्याची जुन्या वर्षांची मालिका २५ मीटरच्या ठिपक्यांची आहे, आणि कोकणातल्या खाडीकाठी कांदळवन कित्येकदा त्याहून अरुंद असतं. तो पट्टा त्यात दिसला नाही म्हणजे जमिनीवर नाही असं नव्हे. नकाशाचं प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत, यूटीएम ४३ उत्तर ठेवा, म्हणजे क्षेत्रफळ थेट चौरस मीटरमध्ये मिळेल.

कोणता उपग्रह कशासाठी

गेल्या आठ-दहा वर्षांतला बदल हवा असेल तर सेंटिनेल-२. त्यातला पहिला उपग्रह जून २०१५ मध्ये गेला, दुसरा मार्च २०१७ मध्ये, आणि जोडी झाल्यावर दर पाच दिवसांनी चित्र मिळू लागलं. त्याआधीच्या काळासाठी लँडसॅट. लँडसॅट-५ हा १९८४ मध्ये, लँडसॅट-८ हा २०१३ मध्ये आणि लँडसॅट-९ हा २०२१ मध्ये गेला. लँडसॅट-७ ची ३१ मे २००३ नंतरची चित्रं जपून वापरा. त्याच्या यंत्रणेत बिघाड झाल्यामुळे त्यांत तिरप्या काळ्या पट्ट्या आहेत, आणि त्या नेमक्या अरुंद खाडीवरून गेल्या की हिशोबच बिघडतो.

आपल्या रिसोर्ससॅटचा लिस-४ हा संवेदक ५.८ मीटरचं बारीक चित्र देतो. भूनिधी या संकेतस्थळावर त्याची चौकशी करावी. काठ आखायला तो फार चांगला, पण त्यात लघुतरंग अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचा) पट्टा नाही, आणि माड व कांदळवन वेगळं काढायला तोच पट्टा लागतो. म्हणून मी लिस-४ तपासणीसाठी ठेवतो, वर्गीकरणासाठी नाही.

दोन वेगळ्या उपग्रहांच्या नकाशांची सरळ वजाबाकी टाळा. ३० मीटरच्या ठिपक्यात अर्धं पाणी आणि अर्धं झाड मिसळलेलं असतं, १० मीटरच्या ठिपक्यात ते सुटं होतं. जुन्या काळाशी तुलना करायचीच असेल तर नवीन वर्षही लँडसॅटवरूनच करा.

तिथी बघून चित्र निवडा

सर्वांत जास्त वेळ या पायरीवर घालवा.

सेंटिनेल-२ आपल्या किनाऱ्यावरून नेहमी सकाळी अकराच्या पुढे थोड्या मिनिटांनी जातो. चित्राच्या माहितीत वेळ जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे पावणेसहाच्या आसपास दिसेल. तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. चित्र कोणत्याही दिवसाचं असो, घड्याळात तीच वेळ असते. भरती मात्र रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते.

कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे १५, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे त्या दिवशी सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती, तीही उधाणाची. सप्तमीला सातची पाऊणपट सव्वापाच, आणि त्यापुढे सव्वासहा तासांनी, म्हणजे साडेअकराच्या आसपास, ओहोटी. ही भांगाची, म्हणजे पाण्याची चढउतार कमी असलेल्या दिवसांतली ओहोटी, पाणी फार खाली जात नाही.

आता हे उपग्रहाच्या वेळेशी जोडून बघा. अकरा वाजता जाणारा उपग्रह उधाणाच्या दिवशी कायम पाणी चढलेलंच बघतो. उधाणाची खोल ओहोटी, जेव्हा सगळा चिखल उघडा पडतो, ती पहाटे आणि संध्याकाळी येते. उपग्रहाला ती कधीच दिसत नाही. आपल्या हाती त्यातल्या त्यात उघडी चित्रं येतात ती षष्ठी ते अष्टमीची, शुद्ध असो वा वद्य. म्हणून तुलनेची दोन्ही चित्रं याच तिथींमधली घ्यायची.

यात एक सोय आहे. पक्ष साधारण पावणेपंधरा दिवसांचा आणि उपग्रहाची फेरी पाच दिवसांची. म्हणजे दर तिसऱ्या फेरीला जवळपास तीच तिथी येते. डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांत एका कक्षेतली चोवीसेक चित्रं मिळतात, त्यांतली आठेक एकाच तिथीच्या आजूबाजूची असतात. भिंतीवरची दिनदर्शिका उघडा, प्रत्येक चित्राच्या तारखेपुढे तिथी लिहा, आणि षष्ठी ते अष्टमीवाल्यांवर खूण करा. माझे विद्यार्थी यासाठी तक्ता करतात: तारीख, तिथी, चित्राची वेळ, त्या वेळचं अंदाजे पाणी आणि ढग. पाऊणपटीचा हिशोब निवडीपुरता आहे. दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात आणि खाडीत आत गेलं की भरती उशिरा पोचते. म्हणून शेवटी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकावरून खात्री करून घ्या.

अनेक मार्गदर्शिका सांगतात की वर्षभराच्या सगळ्या चित्रांची मध्यक (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी) किंमत काढा, गोंगाट निघून जातो. डोंगरावरच्या जंगलासाठी ते ठीक आहे. खाडीकाठी मात्र त्यात उधाण आणि भांग एकत्र घोटले जातात, आणि काठावरच्या कोवळ्या रोपांचा पट्टा कधी पाण्यात जातो, कधी झाडांत. आधी तिथीची चाळणी लावा, मग उरलेल्यांचा मध्यक काढा. प्रत्येक ठिपक्याची सर्वांत हिरवी नोंद उचलायची अशीही एक पद्धत आहे. पण उघड्या चिखलावर शेवाळ धरलेलं असलं तर तेही हिरवंच दिसतं, हे लक्षात ठेवा.

जून ते सप्टेंबर ढगांमुळे जवळजवळ रिकामेच जातात. फेब्रुवारी-मार्च मला सर्वांत आवडतात. डोंगरउतारावरची पानगळीची झाडं तेव्हा उघडी पडलेली असतात, गवत वाळलेलं असतं, आणि कांदळवन मात्र हिरवंगार.

आकड्यांतली एक फसगत

सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेत २५ जानेवारी २०२२ रोजी बदल झाला. त्यानंतरच्या चित्रांत प्रत्येक ठिपक्याच्या आकड्यात १००० जास्त असतात. २०२० चं आणि २०२३ चं चित्र तसंच घेऊन निर्देशांक काढला, तर सगळ्या किनाऱ्यावर हिरवाई घटल्याचा भास होतो. अर्थ इंजिनवर 'हार्मोनाइज्ड' असं लिहिलेला संच निवडा, त्यात ही दुरुस्ती केलेली असते. चित्र स्वतः उतरवून घेतलं असेल तर १००० वजा करा, मग १०,००० ने भागा. आणि नेहमी पातळी-२ए ची, म्हणजे वातावरणाचा परिणाम काढून टाकलेली चित्रं घ्या.

आधी डोळ्यांनी बघा

गणिताकडे वळण्याआधी अर्धा दिवस नुसतं बघण्यात घालवा. लाल रंगाच्या जागी निकट अवरक्त पट्टा, म्हणजे बी-८, हिरव्याच्या जागी लघुतरंग अवरक्त बी-११, आणि निळ्याच्या जागी लाल पट्टा बी-४ ठेवा. कांदळवन गडद तांबूस-तपकिरी दिसेल. माड, आंबा, काजू त्याहून उजळ, नारिंगी-पिवळसर. कातळ हिरवट-निळसर आणि पाणी काळं. कारण साधं आहे: ओला चिखल आणि पाण्याने भरलेली पानं लघुतरंग अवरक्त किरण शोषून घेतात, कोरड्या जमिनीवरची झाडी त्यापेक्षा जास्त परत पाठवते.

नजर तयार करायला आम्ही घरच्या जागेपासून सुरुवात करतो. शिरोली ते प्रयाग चिखलीपर्यंत पंचगंगेचा काठ याच रंगांत उघडायचा. उभा ऊस, तोडलेला ऊस, नदीकाठची झाडी, नदीचं पाणी: मुलांना ही जागा पायाखालची, त्यामुळे कोणता रंग म्हणजे काय हे लगेच समजतं. तोडणीच्या हंगामात पंधरा दिवसांच्या अंतराची दोन चित्रं शेजारी ठेवली की झाडोरा गेल्यावर ठिपका कसा बदलतो, हे डोळ्यांना कळतं. मग खाडी उघडायची.

चाळण्या

आता तीन चाळण्या. पहिली हिरवाईची: निकट अवरक्तातून लाल वजा, भागिले दोन्हींची बेरीज. हाच तो एनडीव्हीआय. दाट कांदळवनात तो बहुधा ०.६ च्या वर असतो, विरळ रोपांत बराच खाली. दुसरी खास कांदळवनासाठीची, २०२० मध्ये मांडलेली: निकट अवरक्त वजा हिरवा, भागिले लघुतरंग अवरक्त वजा हिरवा. झाड हिरवं आणि खालची जमीन ओली असेल तिथे ही किंमत वर जाते. तिचा उंबरठा कुणाच्या लेखातून उचलू नका. तुमच्या खाडीत ओळखीच्या वीस-तीस जागांवर किंमत बघा आणि तिथला उंबरठा ठरवा. बी-११ हा पट्टा २० मीटरचा आहे, तो १० मीटरवर आणून घ्यावा लागतो, त्यामुळे कडा थोड्या पसरट होतात.

तिसरी चाळणी उंचीची, आणि कोकणात तीच सर्वांत जास्त काम करते. इथे खाडी संपली की लगेच चढ लागतो, आणि त्या चढावर हापूसची कलमं. उंची आणि उताराची अट घातली की ती सगळी बाजूला पडतात. मात्र ३० मीटरचं कोपर्निकस उंची-प्रतिमान, म्हणजे उंचीचा अंकीय नकाशा, जमिनीची उंची देत नाही, झाडाच्या शेंड्याची देतं. आठ-दहा मीटर उंचीचं कांदळवन त्यात आठ-दहा मीटर उंच जमिनीसारखंच दिसतं. "पाच मीटरच्या वरचं सगळं काढून टाक" असं सांगितलंत, तर खाडीतली सर्वांत जुनी, उंच झाडंच गळतील. मी १५ मीटरची मर्यादा ठेवतो आणि बाकीचं उतारावर सोपवतो.

या तिन्हींतून सुटून जो शिल्लक राहतो तो माड. समुद्रसपाटीलाच, बाराही महिने हिरवा, पायाशी ओल. त्याच्यासाठी जागेवर जाण्याला पर्याय नाही.

चिखलात

जाण्याआधी वनविभागाला आणि ग्रामपंचायतीला कळवा. होडी गावातलीच घ्या. ओहोटी गाठून जायचं असतं, तेव्हा इथेही तिथीच बघायची. फोनमध्ये क्यूफील्ड हे ॲप असेल तर नोंदी थेट नकाशावर जातात.

प्रत्येक ठिकाणी काय लिहायचं? झाडाची जात, अंदाजे उंची, वर पाहिलं तर आभाळ किती झाकलेलं आहे, पायाखाली काय आहे, पाणी भरतीचं की ओहोटीचं, आणि चार दिशांना चार फोटो. भारतीय वन सर्वेक्षण छत्र ७० टक्क्यांवर असेल तर अतिदाट, ४० ते ७० मध्यम, १० ते ४० विरळ म्हणतं. तेच गट वापरले तर तुमचा आकडा दुसऱ्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. फोनचा जीपीएस झाडाखाली पाच-दहा मीटर सहज चुकतो. म्हणून बिंदू पट्ट्याच्या कडेला घेऊ नका, निदान वीस मीटर आत घ्या.

जाती ओळखायला मुळांकडे बघा. चिखलातून पेन्सिलीसारखी बारीक श्वसनमुळं हजारोंनी वर आलेली असतील तर ती तिवर. जाड, शंकूसारखी असतील तर चिप्पी. पांढरी चिप्पी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. खोडापासून कमानी टाकून चिखलात उतरलेली मुळं कांदळाची. तिवराचं पान उलटं करून बघा: खालची बाजू फिकट, राखाडी-पांढरट. वरच्या बाजूवर उन्हात मिठाचे कण चमकतात, जिभेला लावलं तर खारट लागतं. वाऱ्याने पानं उलटली की तिवराचा अख्खा पट्टा फिका दिसतो. कांदळाची पानं मात्र गडद, तकाकीदार. हा फरक उपग्रहालाही थोडा दिसतो. तरी १० मीटरच्या ठिपक्यावरून जातवार नकाशा करायच्या फंदात सुरुवातीला पडू नका. कांदळवन दाट, कांदळवन विरळ, माड, उतारावरची झाडी, भातखाचर, चिखल, वाळू, पाणी, बांधकाम, एवढे वर्ग पुरे. प्रत्येकाचे चाळीस-पन्नास तरी बिंदू हवेत, आणि माडाचे त्याहून जास्त. हे बिंदू संगणकाला वर्ग शिकवण्यापुरते. तपासणीचे वेगळे.

वर्गीकरणाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अर्थ इंजिनमध्ये किंवा क्यूजीआयएसच्या सेमी-ऑटोमॅटिक क्लासिफिकेशन प्लगइनमध्ये 'रँडम फॉरेस्ट' (शिकवलेल्या बिंदूंवरून प्रत्येक ठिपक्याचा वर्ग ठरवणारी पद्धत) निवडा, शंभर ते दोनशे निर्णयवृक्ष ठेवा, पट्टे, दोन्ही निर्देशांक, उंची आणि उतार सगळं त्याला द्या. बिंदू चांगले असतील तर तो चांगला चालतो, बिंदू वाईट असतील तर कोणतीही पद्धत वाचवत नाही.

बदल म्हणजे नेमकं काय

दोन वर्षांचे वर्गीकृत नकाशे एकमेकांवर ठेवले की बदल मिळतो, पण त्यात दोन्ही नकाशांच्या चुका मिसळलेल्या असतात. दोन चित्रं एकमेकांपासून एक ठिपका सरकलेली असतील, तर एक किलोमीटर लांबीच्या काठावर १० मीटर रुंदीची पट्टी खोटी पडते. ती होते एक हेक्टर. कालावलसारख्या वळणावळणाच्या खाडीत काठाची लांबी किती भरेल, याचा विचार करा. म्हणून काठाला चिकटलेली एक ठिपका रुंदीची बदलाची रेघ मी सरसकट बाजूला काढतो, आणि जिथे सलग दहा ठिपके बदललेत तिथेच थांबून बघतो.

अशा प्रत्येक जागेचा कालक्रमाचा आलेख काढा: आडव्या रेषेवर तारखा, उभ्या रेषेवर एनडीव्हीआय, आणि बिंदू फक्त चाळलेल्या तिथींचे. रेषेच्या आकारावरून बरंच समजतं. तोड किंवा भराव असेल तर ती एका चित्रातून दुसऱ्यात एकदम खाली पडते आणि वर येत नाही. बांध घालून भरतीचं पाणी अडवलं असेल, तर साचलेल्या पाण्यात श्वसनमुळं बुडून राहतात आणि झाडं महिनोन्महिने हळूहळू वाळतात. रेषा उतरत जाते. आणि कधी पावसाळ्याच्या शेवटी तिवराचा पट्टा अचानक उघडाबोडका दिसतो, पण पुढे काही आठवड्यांत भरून येतो. ती बहुधा हायब्लिया नावाची अळी असते. सागाची पानं फस्त करते तीच तिवरावरही तुटून पडते. यातला फरक न बघता तोडीची तक्रार गेली, तर पुढच्या खऱ्या तक्रारीकडेही कुणी लक्ष देणार नाही, याची मला फार काळजी वाटते.

वाढही तपासून घ्या. खारबंधारा फुटला आणि दुरुस्त झाला नाही, की आतल्या भातखाचरांत खारं पाणी शिरतं आणि काही वर्षांत तिथे तिवर उभा राहतो. नकाशावर ती हिरवी भर. ज्याचं शेत गेलं त्याच्यासाठी ती हिरवी भर नाही. अशा जागांना आम्ही नकाशात वेगळा रंग देतो: जुन्या चिखलावर वाढलेलं एक, शेतजमिनीवर वाढलेलं दुसरं.

मोठ्या आकड्यांबाबतही हीच सावधगिरी. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत महाराष्ट्राचं कांदळवन २०१५ मध्ये २२२ चौरस किलोमीटर होतं, २०१७ मध्ये ३०४. दोन वर्षांत ८२ चौरस किलोमीटर झाडं नव्याने उगवून दाट होत नाहीत. आकडा उडी मारतो तेव्हा पहिला प्रश्न मोजण्याच्या रीतीबद्दल विचारायचा, झाडांबद्दल नंतर.

पावसाळ्यातले चार महिने

ढगांच्या आडून बघायला रडार. सेंटिनेल-१ ची चित्रं ढगांतून, रात्रीसुद्धा येतात. कोल्हापूरकरांना रडारची चित्रं समजावणं सोपं जातं, कारण २०१९ आणि २०२१ चा महापूर आपण पाहिला आहे. त्या काळातली चित्रं उघडा: शांत पसरलेलं पाणी काळं दिसतं, कारण गुळगुळीत पृष्ठभाग किरण दुसरीकडे फेकतो. शेंडे वर असलेल्या अर्धबुडीत उसात मात्र किरण पाण्यावर आणि मग ताटांवर आपटून परत येऊ शकतात, तिथे उजळ ठिपके दिसतात. भरतीच्या पाण्यात उभ्या कांदळवनाचंही तसंच होतं, म्हणजे रडारलाही तिथी लागतेच.

सेंटिनेल-१ च्या लहरी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास लांबीच्या, त्या पानाफांद्यांतच अडतात. खोडापर्यंत पोचायला लांब लहरी लागतात. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार उपग्रहावर तसं एल-पट्ट्याचं रडार आहे. कांदळवनात पावसाळ्यातली तोड पकडायला ते कामी येईल अशी मला मोठी आशा आहे.

चूक किती, हे मोजणं

नकाशा झाला की त्यातल्या "नुकसान" वर्गात पन्नास, "वाढ" मध्ये पन्नास आणि "बदल नाही" मध्ये शंभर-दीडशे बिंदू संगणकालाच यदृच्छेने टाकायला सांगा. मग ज्याने नकाशा केला नाही अशा विद्यार्थ्याने, नकाशा न बघता, प्रत्येक बिंदू गूगल अर्थच्या जुन्या बारीक चित्रांत तपासावा. तिथेही चित्राची तारीख लिहायची.

समजा नकाशात १२ हेक्टर नुकसान आलं आणि त्यातल्या पन्नास बिंदूंपैकी तीसच खरे निघाले. म्हणजे साठ टक्के. मग १२ नव्हे, ७ हेक्टरच्या आसपासचं नुकसान सिद्ध झालं. शिवाय "बदल नाही" म्हटलेल्या बिंदूंत दोन-तीन ठिकाणी खरी तोड सापडली, तर तो वर्ग क्षेत्राने फार मोठा असल्यामुळे सुटलेलं नुकसानही मोठं असू शकतं. ते क्षेत्राच्या प्रमाणात मिळवायचं. शेवटी आकडा एकटा देऊ नका. खालची-वरची मर्यादा लावून द्या. "एकूण अचूकता ९४ टक्के" या वाक्यावर मी विसंबत नाही. पाणी आणि डोंगर बरोबर ओळखले की तेवढे टक्के आपोआप येतात. मी फक्त नुकसानीच्या वर्गाची अचूकता विचारतो.

नकाशा कुणाच्या हाती

प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात दोन्ही चित्रांच्या तारखा, तिथी, वेळ आणि पाण्याची स्थिती छापा. फाइलच्या नावातही तिथी घाला. सहा महिन्यांनी तुम्हालाच लागेल.

मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालाने राज्यभर कांदळवनाच्या तोडीला मनाई आहे, आणि वनविभागाचा कांदळवन कक्ष २०१२ पासून काम करतो आहे. त्यामुळे नकाशावरचा एक लाल ठिपका कुणाच्यातरी सातबाऱ्यावर पडतो आणि त्याचे परिणाम खरे असतात. वनविभागाला द्यायच्या कागदात "इथे तोड झाली" असं आम्ही लिहीत नाही. "या अक्षांश-रेखांशावर, या दोन तारखांच्या दरम्यान, सारख्या पाण्यात, हिरवाई एवढी घटली, जागेवर पाहणी व्हावी" असं लिहितो, आणि सोबत आलेख जोडतो.

त्याआधी मात्र नकाशाची मोठी छापील प्रत घेऊन आम्ही खाडीवर जातो. होडीवाले काका, जुव्यावरच्या दोन-तीन घरांतली माणसं, शिंपल्या काढायला जाणाऱ्या बाया, ज्यांना वेळ असेल ते ओसरीवर जमतात. कागद जमिनीवर पसरायचा, चार कोपऱ्यांवर चार नारळ ठेवायचे आणि पेन त्यांच्या हातात द्यायचं. गेल्या खेपेला एका बाईंनी आम्ही "वाळू" म्हणून रंगवलेल्या पट्टीवर फुल्या मारल्या. तिथे कांदळाची रोपं धरली आहेत, अजून गुडघाभरच आहेत, असं त्या म्हणाल्या. उपग्रहाला ती दिसायला बहुधा आणखी दोन-तीन वर्षं लागतील. त्या फुल्या आम्ही तशाच नकाशात उतरवून घेतल्या, त्यांच्या तारखेसकट.